कोरा नंबर

आई,

बांबूवरचे बोंबील ऊन उतरायच्या आत काढ, मला उशीर होईल. भात कुकरात आहे.

मी नरपडच्या किनाऱ्यावर पळायला चाललेय. देशाच्या टीममध्ये निवड झाली तरी विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं होतं, म्हणून बाकीच्या मुली गेल्या आणि मी राहिले. आज तिकडे शर्यत आहे. ती सुटेल तेव्हा मीही इथे सुटणार. ओहोटी आहे, वाळू घट्ट असेल.

बाबा होडीला गिऱ्हाईक बघत होते, मला कळलंय. आता बघू नका म्हणावं.

छातीवर नंबर लावायला तुझ्या डब्यातल्या चार पिना घेतल्यात. कुठला नंबर लिहायचा ते कळेना, कागद कोराच लावलाय.

हिना