इतकं स्वच्छ ऐकू येणं बरं नव्हे

आदरणीय भावोजींना धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार.

आपली दोन्ही सरकारं एकमेकांवर डोळे वटारून बसली असली तरी तुमची प्रकृती उत्तम असेल, अशी आशा आहे. (आमच्या अधिकृत धोरणानुसार तुमच्या देशात कोणाचीच प्रकृती उत्तम नाही; पण हे पत्र खासगी आहे.) सरळ टपाल बंद झाल्यामुळे हे तिसऱ्या देशातल्या आत्याच्या हातून येतंय. तिने वाचूनच पुढे धाडलं असणार, तेव्हा तिलाही नमस्कार.

माझं म्हणाल तर बरं चाललं होतं. सुट्ट्यांत तुमच्याकडे राहून मी तुमची भाषा शिकलो आणि त्या जोरावर आमच्या सरकारी परदेशी प्रसारणात चिकटलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचं कसं वाटोळं झालंय ते रोज संध्याकाळी तुम्हालाच तुमच्या भाषेत सांगायचं, एवढंच काम. पण ती भाषा मला शिकवली तुमच्या मातोश्रींनी, तीही स्वयंपाकघरात. त्यामुळे त्या ओसाड बेटावरून (जिथे दोन्ही देशांचं मिळून एक चिटपाखरू राहत नाही) वाद पेटला आणि मला खरमरीत इशारा वाचायला दिला, तेव्हा तो थेट मातोश्रींच्या सुरात बाहेर पडला. ऐकणाऱ्याला वाटावं, तुमच्या पंतप्रधानांनी खरकटी भांडी तशीच ठेवलीत. साहेब मात्र बेहद्द खूश झाले.

हे साहेब नवीन आहेत. आवाजामुळे सगळे त्यांना कर्णा म्हणतात. कर्ण्याने आल्या आल्या शोध लावला की शत्रू ज्या प्रसारणावर घरघर सोडून ते बुजवतो, तेच त्याला खरं झोंबतं. झालं! शेजारच्या खोलीतले लोक तुमच्या किनाऱ्याकडच्या बोलीत बातम्या देतात. त्यांच्यावर तुम्ही अशी घरघर सोडता की पलीकडे एक अक्षर पोचत नाही. ते आता छाती काढून फिरतात आणि त्यांना फिरत्या खुर्च्याही मिळाल्या. आमचं प्रसारण पलीकडे कसं ऐकू येतं याचा मात्र सीमेवरच्या चौकीतून दर आठवड्याला अहवाल येतो, 'अत्यंत स्वच्छ'. कर्णा तो भर बैठकीत वाचतो आणि मी फितूर असल्यासारखा माझ्याकडे बघतो. आता त्याने सांगून टाकलंय, महिनाअखेरपर्यंत घरघर आली नाही तर आमचा विभाग बंद आणि माझी रवानगी गोदामात.

हातपाय हलवायला हवेत म्हणून आमच्या तंत्रज्ञाने युक्ती काढली. घरघर शत्रूचीच हवी असं कुठे लिहिलंय? त्याने कँटीनमधला मिक्सर आणून माझ्या टेबलाखाली लावला. पहिली पाच मिनिटं काय बहार आली! कर्णा काचेपलीकडे डोळे मिटून डुलत होता. तेवढ्यात कँटीनवाल्या बाई लाल दिवा न बघता आत शिरल्या, "माझा मिक्सर कोणी पळवला, तो मुकाट्याने द्या!" म्हणून गरजल्या आणि वायर उपटून चालत्या झाल्या. हे सगळं तुमच्या देशभर ऐकू गेलं. आणि भावोजी, मनाला लागलं ते पुढचं. ऐन इशाऱ्याच्या मधोमध हा प्रकार होऊनही तुमच्या सरकारकडून साधा निषेध नाही, खुलाशाची मागणी नाही. माणसाने भांडायला जावं आणि समोरच्याने जांभई द्यावी, तसं झालं.

असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना लाड.

आपला,
अत्यंत स्वच्छ मेहुणा

ता. क. : कुठल्या प्रसारणावर घरघर सोडायची ते ज्या कचेरीत ठरतं, तिथेच तुम्ही बसता. घरचा माणूस म्हणून हात जोडतो, थोडी आमच्यावरही सोडा. उंची नको, साधी चालेल.

आणखी एक : आत्या सांगते, ताई रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून बसते आणि माझा घसा बसलेला वाटला तर रात्रभर घोर लावून घेते. मलाही तिची फार आठवण येते. तेव्हा सुरुवातीचा माझा नमस्कार तेवढा मोकळा सोडा, घरघर बातम्यांपासून लावा. तिथून पुढे ऐकण्यासारखं काही नसतंच.

शेवटचं : तुमच्याकडे औषधांचा खडखडाट आहे, असं गेले तीन आठवडे मी रोज वाचतोय. ते वाक्य आमच्याच खोलीत चहा पिता पिता रचलं, तेव्हा मी हजर होतो. तरी वाचून वाचून आता रात्री झोप लागत नाही. ताईला रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात ना? खरं काय ते कळवा. मी कोणाला सांगणार नाही.