मी, योगिनीचा सख्खा भाऊ

२८ जुलै
प्लॅन फायनल. इंझोरीच्या प्रयागबाईंना मूलबाळ नाही, पण बारमाही पाण्याचा भाजीमळा आहे. भाऊ लहान लेकरं घेऊन सुरतेला गेला तो परतलाच नाही. त्या लेकरांची, हरीओम आणि उज्ज्वलाची, बाई अजून वाट बघतात. तर मी हरीओम, आणि माझी बायको योगिनी उज्ज्वला. नवरा-बायको म्हणून गेलो तर वाटा एकच; भाऊ-बहीण म्हणून गेलो तर दोन. असं डोकं अख्ख्या वाशिममध्ये कोणाचं चालत नाही. मंगळसूत्र काढताना योगिनीने कटकट केली. दुर्लक्ष केलं.

१ ऑगस्ट, संध्याकाळ
जमलं! आत्या दारातच गळ्यात पडली. “इतके दिवस कुठं होता रे बाबू?” मलाही रडू आलं. अ‍ॅक्टिंग उत्तम. योगिनी आत झोपणार, मी ओसरीवर. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

९ ऑगस्ट
राखी. हे लक्षातच नव्हतं. अर्धं गाव ओसरीवर. पाट, दिवा, ओवाळणी. योगिनीचा हात अडला. मी डोळ्यांनी खुणावलं, बांध. बांधली. नंतर मळ्यात गाठलं तर म्हणाली, “देवासमोर राखी बांधली मी. आता अंगाले हात लावू नका.”
बायका सणावाराला हळव्या होतात. उतरेल.

२ सप्टेंबर
उतरलं नाही. आत्याबरोबर मेथीच्या जुड्या बांधते आणि हसते. वाशिमला कधी हसायची नाही. तिथे पाणी कमी म्हणून असेल.
आत्याच्या दिराचा मुलगा पवन शेजारीच राहतो, पिकअपमधून भाजी मानोऱ्याला नेतो. योगिनीला पुढे बसवतो. आज भाऊ या नात्याने खडसावलं. म्हणाला, “तुमी बी चाला ना भाऊ. मांगं बसा, पोत्यायवर.” बसलो.

१४ सप्टेंबर
मास्टरस्ट्रोक! चार लोकांसमोर सांगितलं, मला काही नको, सगळा मळा बहिणीच्या नावे करा. बायकोचं ते माझंच. शिवाय उद्या काही निघालंच तर माझं नाव कुठे नाही. आत्याने माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली.

५ ऑक्टोबर
मळा उज्ज्वलाच्या, म्हणजे योगिनीच्या नावे झाला. आणि घात झाला. मळ्याची मालकीण परगावी द्यायची नाही, असं आत्याने ठरवलं. उज्ज्वला पवनला द्यायची. माझी परवानगी मागितली, कारण घरचा कर्ता मी! विचार करतो म्हणालो. योगिनी स्वतःच नाही म्हणेल याची खात्री होती. ती लाजली. माझ्या वेळी लाजली नव्हती.

६ ऑक्टोबर, दुपार
वांग्यांच्या वाफ्यात आधी रागावलो, मग पाय धरले. मळा विकू, पळून जाऊ. नाही म्हणाली. सगळ्यांना खरं सांगेन म्हणालो.
“सांगा ना. बायकोच्या हातची राखी बांधून घेतली म्हून सांगसान?”
मग शांतपणे म्हणाली, “नवरा होऊन तुमी मले काय देलं? भाऊ होऊन मळा देला.”
उद्या सांगणारच.

७ ऑक्टोबर
चौकीपर्यंत जाऊन आलो. मी खोटा आहे हे कबूल केल्याशिवाय ती माझी आहे हे सांगता येत नाही. जेवण जात नाही. आत्या म्हणते, बहीण जाणार म्हणून पोरगा खंगला.

२९ नोव्हेंबर
उद्या लग्न. घाबरायचं कारण नाही. सातव्या मंगलाष्टकाला उभं राहून सगळं सांगायचं. वाक्य पाठ आहे. कॉन्फिडन्स फुल.

३० नोव्हेंबर
भटजींना पुढचं लग्न होतं. पाच मंगलाष्टकांतच आटोपलं.
मग होमाजवळ पुकारा झाला, कानपिळीसाठी नवरीचा भाऊ कुठे आहे? ढकलत नेलं. पवनचा कान धरला आणि जीव खाऊन पिळला. तो हसतच होता. “पिळा भाऊ, आज तुमचा मान हाये.” रिवाजाप्रमाणे मला शर्टाचं कापड आणि टोपी मिळाली. मांडवाने टाळ्या वाजवल्या.
पाठवणी म्हणजे कुंपणापलीकडे. तरी मी इतका रडलो की बायका म्हणाल्या, असा भाऊ साऱ्याईले भेटो.
कुंपणाशी योगिनी मागे वळली आणि माझ्या पाया पडली. म्हणाली, “सणावाराले येत जा, दादा.”
जवळ कोणी नव्हतं. तरी दादा म्हणाली.