पिवळ्या फुलांपासून लांब राहा

आयोवा, जुलै

प्रिय बाबा,

मी मजेत आहे. अक्षर वाकडं दिसेल, कारण डाव्या हाताने लिहितेय. उजव्यावर थोडे फोड आलेत, सुकताहेत आता.

माळावरचं गवत गिळत चाललेलं एक पिवळ्या फुलांचं तण आम्ही वीस स्वयंसेवक उपटतोय. त्याचा चीक अंगाला लागून वर ऊन पडलं, की कातडी भाजते. सत्तरीच्या आर्लिसबाई पहिल्याच दिवशी ओरडल्या, "बाह्या खाली कर, पोरी!" मी ऐकलं नाही. मग त्यांनीच पट्टी बांधली आणि म्हणाल्या, "बापावर गेलीस वाटतं!"

खरंच गेलेय. आपल्या गोठ्यामागे हीच फुलं आहेत आणि तुम्ही तिथलं गवत बनियनवर कापता. मी येईपर्यंत तिकडे फिरकू नका. आईलाही हे सगळं वेगळं लिहिलंय, तेव्हा पत्र लपवून उपयोग नाही.

तुमचीच हट्टी,
मारेन