कण्हेर फुलली की कळवा

२ फेब्रुवारी
ही बहिणीकडे गेली. दोन बॅगा. जाताना एवढंच म्हणाली, कण्हेर फुलली की कळवा, बघायला येईन. म्हणजे मेपर्यंत राग जाणार. तीन महिने काय, चुटकीसरशी जातील.
संकल्प: झाड असं फुलवायचं की हिने आल्या आल्या बॅगा उघडाव्यात.

९ फेब्रुवारी, सकाळी ७
कामाला सुरुवात. झाड विषारी. पान, फूल, चीक, सगळंच. ही हातमोजे घालायची. तिचे मला बसत नाहीत. एकतीस वर्षांत माझ्या मापाचे आणावेत असं सुचलं नाही हिला. मोज्यांशिवायच केलं. काही होत नाही.

संध्याकाळी ५
हाताला पुरळ, डोळा टम्म. डॉक्टर म्हणाले, चिकाचे हात डोळ्याला लावू नयेत हे घरात कुणी सांगितलं नव्हतं का? नाही म्हणालो. सांगितलं असेल. मी पेपर वाचत असेन.

२१ फेब्रुवारी
कडक छाटणी. झाड गुडघ्याएवढं केलं. कंपाउंडपलीकडे गेलेली एक फांदी तेवढी राहिली, हात पोचेना. कचरा जाळला. सगळी गल्ली खोकायला लागली. शेजारीण धावत आली, याचा धूरही विषारी असतो, मिसेसना माहीत होतं म्हणाली. लोकांना ऊठसूट हिची आठवण का येते, कळत नाही.

१५ मार्च
नर्सरीवाला बघून गेला. कळ्या शेंड्याला येतात साहेब, तुम्ही शेंडेच उडवलेत, यंदा फुलं विसरा, म्हणाला. त्याचा अभ्यास कमी वाटला. खत डबल केलं.

४ एप्रिल
पानं पिवळी. लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, झाडाचं काय घेऊन बसलात, आईला फोन करा. मी म्हटलं, करून बोलू काय? ती म्हणाली, का गेली एवढं तरी विचारा.
उद्या विचारतो.

५ एप्रिल
आज पाणी घालण्यातच वेळ गेला.

१२ मे, सकाळी ६.४०
फुलली! कंपाउंडपलीकडच्या त्या फांदीला गुलाबी घोस. मेहनतीचं चीज झालं. हिला लगेच कळवलं. रविवारी येते म्हणाली. हिच्या कपाटात माझे शर्ट शिरले होते, ते काढले.

१७ मे, रविवार
आली. बॅग नाही, पर्स फक्त. पर्समधून हातमोजे काढले, कात्री काढली. फुलांकडे खूप वेळ बघत उभी राहिली. मग कंपाउंडपलीकडे जाऊन तीन फांद्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळल्या. म्हणाली, बहिणीकडून निघाले, स्वतःची खोली घेतलीय, बाल्कनीत लावीन, दोनेक वर्षांत फुलेल.
मी विचारलं, ऊन येतं का तिथे? भरपूर, म्हणाली. कुंडी केवढी घेणार? माती कसली? ती सांगत गेली, मी विचारत गेलो. चांगला अर्धा तास. मध्ये एकदा मोकळं हसलीसुद्धा. पेपर टेबलावर तसाच पडून होता. एकतीस वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो.
रिक्षापर्यंत सोडून आलो. फांद्या मीच धरल्या होत्या, त्या तिच्या हातात दिल्या.
ती परत येणार नाही.