न बोलावता येणाऱ्यांची जागा

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली. आज केडगावात मी आराखडा केलेल्या नव्या इमारतीत माणसं राहायला आली. प्रत्येक मजल्यावर रुंद गॅलरी ठेवली आहे, सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या तिच्याकडंच उघडतात. बिल्डर सारखा म्हणायचा, "मॅडम, ही जागा विकता येत नाही." मी हटले नाही. दुपारी दोन बायका तिथं मेथी निवडत बसलेल्या दिसल्या आणि मी जिन्यातच थांबले.

तू राहायचीस ती सावेडीतली इमारतही मीच आखलेली, माझं पहिलं मोठं काम. तुला मिरजगावहून आणलं, नकाशा दाखवला. तू चष्मा पुसून बराच वेळ बघतेस आणि विचारतेस, "बसायचं कुठं गं?" हॉल आहे की एवढा, मी म्हणते. "हॉलात बोलावल्याली मान्सं बसत्यात. न बोलावता येनारी कुठं बसायची?" मी हसले. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून गॅलरी मीच काढून टाकली होती.

तिथल्या फ्लॅटमध्ये एकटी राहायला आल्यावर महिन्याभरात तू लिफ्टसमोर पोतं अंथरून शेंगा फोडत बसलीस, दार सताड उघडं ठेवून. कुणीतरी बोलायला थांबेल, एवढीच आशा. सोसायटीच्या सेक्रेटरींचा मला फोन आला. मी ऑफिसातून तडक आले आणि शेजारची बाई दारात उभी असताना तुला म्हणाले, "आई, हे गाव नाही. चार लोकांत मला खाली बघायला लावू नकोस." तू टरफलं पदरात गोळा केलीस. "व्हय, चुकलं माजं," म्हणालीस आणि आत गेलीस. त्यानंतर ते दार मी कधी उघडं पाहिलं नाही.

तू गेलीस त्या दिवशी फोन उचलेनास, म्हणून चार वाजता मी माझ्या किल्लीनं आत आले. तू ओट्याखाली पडली होतीस, मुठीत उलथनं, भिंतीच्या रंगावर त्याचे ओरखडे. अंग गार झालेलं. भिंतीपलीकडची तीच शेजारची बाई रडत सांगत होती, "सकाळी ठोकल्याचा आवाज येत होता हो, बराच वेळ. जाऊन बघावं असं वाटलंही. पण त्या दिवशी तुम्ही त्यांना इतकं बोललात, म्हटलं आपलं जाणं तुम्हाला आवडायचं नाही." आवाज किती वाजता थांबला, हे मी तिला विचारलं नाही. आजही विचारायचा धीर होत नाही.

लोक विचारतात, अशा गॅलऱ्या तुम्हाला सुचतात कुठून. मी गावाकडच्या आठवणी सांगते. तुला लिहिलेले हे कागद मी कुणाला दाखवणार नाही, दादाला तर नाहीच. तो दुसऱ्या दिवशी पोचला, तेव्हा तू झोपेत गेलीस असं मी त्याला सांगितलं. दरवर्षी तुझ्या तिथीला तो म्हणतो, "आईला मरण मात्र सुखाचं आलं." मी त्याला वाढता वाढता हो म्हणते.