आईचा दोन कॅटांचा डाव

ओग्न्यान,

मी सकाळच्या बसने सिलिस्त्राला चाललेय. पोलिसांचा फोन आला होता. डॅन्यूब नदीतून एक प्रेत काढलंय, अंगात आपल्या प्लामेनचा होता तसा निळा स्वेटर आहे. ओळखायला भाऊ-बहीण कोणीतरी हवंय. आईला मी दवाखान्यात जाते म्हणून सांगितलंय, तूही तेच सांग.

घेवड्याचं सूप गॅसवर आहे. जेवली की ती पत्त्यांचा डाव मांडायला लावेल, तिचे हात आता थरथरतात. दोन्ही कॅट एकत्र पिसून दहा ढीग लाव, प्रत्येकात चार उघडी पानं. इस्पिकच्या अठ्ठीवर इस्पिकचीच सत्ती, अशी उतरती पानं लावायची, एका वेळी एकच. एक्के वर काढून त्यांच्यावर राजापर्यंत चढवायचं. उरलेली पानं एकेक उलटायची, तीही एकदाच.

हा डाव सहसा सुटत नाही. सुटला की आई म्हणते, "बघ, या आठवड्यात प्लामेन येतोय." तो बेपत्ता झाल्यापासून, गेले चार महिने, तिला डुलकी लागली की मीच अडलेलं पान सरकवून डाव सोडवत आलेय. तिचा जीव तेवढ्यावरच तगलाय, असं वाटायचं.

आज तू पान सरकवू नकोस. "तुला मेल्याला काही येत नाही," म्हणेल, ऐकून घे.

तो प्लामेन नसेल तर लगेच फोन करीन. दुपारपर्यंत फोन आला नाही तर समजून जा, पण आईला काही बोलू नकोस. खोटी आशा मी दाखवलीय, खरंही मीच येऊन सांगेन.

रोसित्साताई