मागच्या दोन खोल्या

प्रिय सूनबाई,

फोनवरच बोलले असते, पण फोन तू उचलतेस आणि मागून उत्तरं आमचे चिरंजीव देतात, म्हणून हे कागदावर. आम्ही दोघं बरी आहोत. मागच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, गिलावा झाला, फरशी बसली. शाळेला सुट्टी लागली की तुम्ही तिघं कायमचे इकडे येणार, असं तो सांगतो. तू मात्र काहीच सांगत नाहीस.

आधी घरातली गंमत ऐक. जुन्या घरातून नव्या खोल्यांत जायला मागची भिंत फोडून वाट काढली. तिथल्या दाराचं माप सुतार घेणार होता, पण तुझे सासरे कसले ऐकतात! जन्मभर गावाची मापं घेतली आणि आता स्वतःच्या घराचं माप दुसऱ्याने घ्यायचं? गळ्यातली टेप काढली, माप घेतलं, ऐटीत आकडे सांगितले. दार आलं ते चांगलं बोटभर अरुंद. सुतारावर असे उखडले म्हणतेस! शेवटी त्याने आपली पत्र्याची टेप आमच्या टेपेशेजारी धरली, तेव्हा कळलं, आमची टेप ओढून ओढून लांबली आहे. दुकानात हे कधी लक्षातच आलं नाही. अंगाचं माप घ्यायला तीच आणि कापड बेतायलाही तीच, त्यामुळे कपडे बरोबर बसायचे. इतकं होऊनही हे हार मानतील तर शपथ. सुताराला म्हणाले, त्यात काय एवढं, बाजूने पट्टी जोडून दे. सध्या दार भिंतीला टेकून उभं आहे. मी मशीनवर बसले की थेट तुमच्या खोलीची खिडकी दिसते.

चिरंजीवांचं म्हणणं होतं, तिकडे वेगळं स्वयंपाकघर कशाला, आई आहे ना, एकच पुरे. पाच माणसांचं काम कोणाच्या गळ्यात पडणार, हा विचार त्याच्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. मी गवंड्याला परस्पर सांगून तुमच्याकडे ओटा घालून घेतला, आणि बाहेर जायला वेगळं दारही ठेवायला लावलं. एकत्र राहायचं म्हणजे एकमेकांच्या उरावर बसायचं असं थोडंच आहे? तुझे सासरे दोन दिवस तोंड फुगवून बसले, मग स्वतःच नळाची जागा दाखवायला गेले. ओटा तुझ्या उंचीच्या बेताने केलाय. तुझे इतके ब्लाउज शिवलेत, तुझी मापं मला तोंडपाठ आहेत. नातीसाठी खिडकीत रुंद कट्टा आहे. ती तिथून पडणार, रडणार आणि पुन्हा चढणार, हे मी धरूनच चालले आहे.

पाया भरत होते तेव्हा तू आली होतीस. सगळं बघून छान आहे म्हणालीस. संडासाच्या खड्ड्यात डोकावून तू छान आहे म्हणालीस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. नंतर तू हळूच गवंड्याला विचारलंस, इथून सकाळची पहिली बस किती वाजता सुटते. तुझ्या प्रयोगशाळेत रक्त द्यायला लोक उपाशीपोटी येऊन बसलेले असतात, आणि ती बस पोचेपर्यंत त्यांची जेवायची वेळ होईल. म्हणजे इथे यायचं तर तुला नोकरी सोडावी लागणार. हे मी चिरंजीवांना बोलून दाखवलं, तर म्हणतो कसा, ती घेईल जुळवून. इतकी संतापले मी! पण पोटचाच पोरगा, आदळआपट तरी कोणापुढे करायची?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मला तुम्ही इथे हवे आहात. संध्याकाळी घर खायला उठतं, उगाच खोटं कशाला बोलू? पण तुला यायचं नसेल, तर मला दोन ओळी लिही. त्याच्यापाशी काही बोलू नकोस, नाहीतर तुझ्यामुळे आईबापांना एकटं राहावं लागलं म्हणून तो जन्मभर तुला ऐकवेल. मीच त्याला सांगेन की मला नको तुम्ही, या वयात घरातला गोंगाट सोसत नाही. हे चिडतील. तो बोलणं टाकेल, माझ्यावरच गेलाय ना, बरेच दिवस टाकेल. लोक म्हणतील, एवढ्या खोल्या बांधल्या आणि म्हातारी ऐन वेळी फिरली. म्हणोत बापडे. तू फक्त लवकर कळव. नातीचं नाव इथल्या शाळेत घालून ये, म्हणून त्याने माझ्यामागे धोशा लावलाय. गुडघा धरलाय असं सांगून मी अजून गेलेले नाही. माझा गुडघा ठणठणीत आहे.

तुझीच,
सासूबाई